मागचा वायपर सरकवताय? आधी त्याचं दुसरं टोक कुठं जातं ते बघा

यवतमाळ : गाडी डेंटिंग-पेंटिंगहून घरी येते. रंग झकास लागलेला असतो. पहिल्या पावसात मागचा वायपर चालू केला की लक्षात येतं, हा तर काचेच्या मधोमध येऊन थांबतोय. नाही तर वर जाऊन स्पॉयलरला ‘टक’ करून आपटतोय. गॅरेज चाळीस किलोमीटरवर, तिथं परत जायचं तर अख्खा दिवस मोडतो. मग घरातलं कुणी तरी पाना घेतं आणि म्हणतं, यात काय अवघड आहे, एक नट तर आहे.

खरंय, एकच नट आहे. वायपर घरी सरकवता येतो आणि काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. पण याच कामात मागची काच फुटते, मोटारीतला प्लॅस्टिकचा गिअर तुटतो, आणि दहा रुपयांच्या चिकटपट्टीत होणारं काम काही हजारांवर जातं. चूक बहुतेक वेळा एकच असते. वायपर कुठं थांबायला हवा हे माणूस बघतो, तो पलीकडे कुठपर्यंत जाईल हे बघत नाही.

मागच्याच काचेला एवढी माती का?

आपल्या एसटीची मागची काच आठवा. पोरं त्यावर बोटानं नावं लिहितात एवढी धूळ तिच्यावर असते, आणि पुढची काच त्या मानानं स्वच्छ. ड्रायव्हरनं पुढची पुसली म्हणून नुसतं नाही. चालत्या गाडीच्या टपावरून वारा सरळ पुढं निघून जातो. गाडीची पाठ उभी कापल्यासारखी असेल तर त्या पाठीमागं पोकळी तयार होते. तिथं हवेचा दाब कमी असतो, हवा भोवऱ्यासारखी फिरते, आणि चाकांनी उडवलेली धूळ नि चिखलाचं पाणी उचलून थेट काचेवर आणून टाकते. डिकी बाहेर निघालेल्या लांब गाड्यांत काच तिरपी असते, बरीच घाण डिकीच्या झाकणावर बसते. म्हणून त्या गाड्यांना मागं वायपर सहसा नसतो. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो अशा आखूड पाठीच्या गाड्यांना तो लागतो, आणि जीप-बोलेरोसारख्यांनाही.

आपल्या जिल्ह्यात तर ही घाण एका जातीची नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गावर कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा प्रवास केला तर सिमेंटच्या रस्त्यावर काचेवर बारीक भुकटी बसते. रस्ता सोडून गावाकडं वळलं की काळी माती. ही माती ओली असताना गोंदासारखी चिकटते, वाळली की लिंपणासारखी कडक होते. वणीकडं कोळशाच्या गाड्यांमागं चालावं लागलं तर काळी पूड. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू वायपरच्या रबराखाली जाऊन अडकतात आणि मग प्रत्येक फेरीला काचेवर एक रेघ सुटते. त्यामुळे शहरात शोभेसाठी असलेला मागचा वायपर इथं रोजच्या वापराचा आहे. अंगणात, गोठ्यापाशी, शाळेच्या फाटकासमोर गाडी मागं घेताना ती काच दिसायलाच हवी.

वायपर जागेवरून हलवावासा वाटण्याची कारणंही वेगवेगळी. काच बदलताना किंवा रंग देताना दांडा काढून चुकीचा बसवला, हे सगळ्यात जास्त. कुणाला वायपर आतल्या आरशात आडवा दिसतो, नजरेला खटकतो. कुणाला तो उभा करायचा असतो, कारण आडव्या वायपरवर धुळीचा थर साचतो. आणि एक कारण कुणी मोकळेपणानं सांगत नाही, पण गाड्या बघितल्या की कळतं : काचेवर मोठं स्टिकर लावलेलं असतं, ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ नाही तर आडनाव, आणि वायपर दर फेरीला त्याची कड उचकटतो. यावर सोपा उपाय स्टिकर हलवण्याचा आहे, पण तो कुणाला सुचत नाही.

दुखणं नेमकं कुठलं, ते आधी ओळखा

पाना हातात घेण्याआधी काचेवर भरपूर पाणी टाका आणि वायपर चार-पाच वेळा चालू-बंद करून बघा. दर वेळी तो त्याच चुकीच्या जागी थांबत असेल, तर मोटार बरोबर आहे, दांडा चुकीच्या दात्यावर बसलाय. हे घरी होणारं काम.

दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, म्हणजे बटण बंद केलं तिथंच मेल्यासारखा उभा राहत असेल, तर दांडा सरकवून काही उपयोग नाही. त्याचं असं आहे. तुम्ही बटण बंद केलं तरी मोटारीला लगेच करंट बंद होत नाही. मोटारीच्या आत गिअरवर तांब्याचा एक पत्रा असतो, त्यावर टेकलेल्या कॉन्टॅक्टमधून करंट चालूच राहतो, आणि दांडा ठरलेल्या जागी पोचला की तो तुटतो. म्हणून वायपर नेहमी एकाच ठिकाणी जाऊन झोपतो. तो कुठंही थांबायला लागला म्हणजे हा कॉन्टॅक्ट झिजलाय किंवा त्याची वायर गेलीय. हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.

तिसरा प्रकार असा : मोटारीचा आवाज येतो, पण दांडा हलत नाही, किंवा हायवेवर वाऱ्यानं आपोआप खालीवर होतो. नट ढिला आहे किंवा दांड्याचे दाते मेलेत. नट आवळून बघा, तरी घसरत असेल तर दांडा नवा घ्यावा लागतो.

आणि आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर चित्र असतं. फ्यूज चांगला असेल तर डिकी उघडून टपाच्या आणि डिकीच्या मधली ती रबरी नळी हाताळून बघा. सगळ्या वायरी तिच्यातून जातात. डिकी हजारो वेळा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. वायपरबरोबर नंबर प्लेटचा दिवा किंवा मागच्या काचेचं हीटरही बंद पडलं असेल, तर शंभरातले नव्वद वेळा दुखणं तिथंच सापडेल असं समजा.

घड्याळाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. मोटारीतला मळसूत्री गिअर गोल फिरतो, त्याला जोडलेली छोटी पट्टी त्या गोल फिरण्याचं रूपांतर पुढं-मागं हलण्यात करते. शाफ्ट किती अंश फिरायचा हे त्या पट्टीच्या लांबीवर ठरलेलं असतं. ते तुम्ही बाहेरून कमी-जास्त करू शकत नाही. दांडा कुठल्या दात्यावर बसवायचा एवढंच आपल्या हातात असतं. म्हणजे वायपरची फेरी तेवढीच राहते, फक्त ती अख्खी एका बाजूला सरकते.

घड्याळ डोळ्यासमोर आणा. गाडीच्या मागं उभं राहून बघताय, वायपर डावीकडं आडवा झोपलाय, म्हणजे नऊ वाजताच्या काट्यासारखा. चालू केल्यावर तो वरून फिरत दोनपर्यंत जातो आणि परत येतो. नऊ ते दोन, पाच तासांची फेरी. (तुमच्या गाडीत तो उजवीकडं थांबत असेल तर उलटं समजा.) आता तुम्हाला तो थोडा वर थांबायला हवाय, दहावर. सरकवलात, तर दुसरं टोक दोनवर राहणार नाही, तीनवर जाईल. काच रुंद असेल तर चालून जाईल. पण पूर्ण उभा करायचा म्हटलं, बारावर, तर दुसरं टोक पाचवर जातं. पाच वाजता तिथं काच नाही. तिथं डिकीचा पत्रा आहे, काही गाड्यांत नंबर प्लेटच्या वरची पट्टी आहे. रबर रंगावर घासणार, दांडा पत्र्याला अडणार, मोटार जोर लावणार, आणि शेवटी फ्यूज उडेल, मोटार जळेल किंवा आतला गिअर दाते सोडेल.

म्हणून ‘उभा वायपर’ हा प्रकार नुसता नट खोलून होत नाही. मोटार उघडून तो तांब्याचा पत्रा किंवा गिअर फिरवून बसवणारे कारागीर आहेत. तसं करून थांबण्याची जागा फेरीच्या दुसऱ्या टोकाला नेता येते, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण मोटारीचं सील एकदा फोडलं की पावसाचं पाणी आत शिरायला वाट मिळते, आणि मागची मोटार बसते ती जागा पाणी झिरपण्याचीच. आमच्या मते नुसत्या दिसण्यासाठी हा खटाटोप करू नये. शिवाय उभा वायपर आरशात बरोबर मधोमध काळी रेघ बनून दिसतो. ज्यांना आडवा खटकतो त्यांना उभा जास्त खटकेल.

आपल्या गाडीची फेरी मोजायची सोपी युक्ती पावसाळ्यात आयतीच मिळते. चिखलानं माखलेल्या काचेवर पाणी सोडून वायपर दोन वेळा फिरवा. स्वच्छ झालेला पंखा काचेवर उमटतो. त्या पंख्याच्या दोन्ही कडांपासून काचेच्या कडेचं रबर किती लांब आहे ते बोटांनी मोजा. ज्या बाजूला सरकवायचंय त्या बाजूला सरकवून झाल्यावरही निदान दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. पावसाळा नसेल तर काच धुऊन ओली ठेवा, वायपर एकदा फिरवा आणि तो सगळ्यात लांब जातो तिथं स्केच पेननं खूण करा.

आणखी एक हिशेब. शाफ्टवर बारीक दाते असतात, दांडा त्यावरच बसतो. मधल्या जागेवर तो बसत नाही, एक दाता तरी सरकावाच लागतो. समजा दाते ३६ असतील, तर एक दाता म्हणजे १० अंश. शाफ्टपासून वायपरच्या टोकापर्यंत ३५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका दात्यानं टोक जवळपास सहा सेंटिमीटर, म्हणजे अडीच इंच सरकतं. मुळाशी केसभर वाटणारा फरक टोकाला एवढा होतो. म्हणून ‘थोडंसं सरकवलं’ म्हणणाऱ्याचा वायपर स्पॉयलरला जाऊन धडकतो.

हात घालण्याआधी

मागची काच आणि पुढची काच एका जातीच्या नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. दगड लागला तर तडा जातो, पण ती जागेवर राहते. मागची काच भट्टीत तापवून एकदम थंड केलेली, टफन केलेली असते. ती हाताच्या दाबाला दाद देत नाही, पण कडेला किंवा एका बिंदूवर कडक लोखंड लागलं की क्षणात हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा ढीग होतो. त्यामुळे या कामात काचेवर पेचकस टेकवून दांडा उचकटायचा नाही. हातोडी तर जवळही नको. दुपारी उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून कामाला लागायचं नाही, सकाळी सावलीत करा.

सामान फार लागत नाही : नटाच्या मापाचा पाना (बहुतेक गाड्यांत १० किंवा १२-१३ नंबरचा), गंज सोडवणारा स्प्रे, कागदी चिकटपट्टी, जुना दात घासायचा ब्रश, जाड टॉवेल. बस.

आधी काच स्वच्छ धुवा. वायपर चालू करून बंद करा म्हणजे तो त्याच्या थांबायच्या जागी येईल. मगच चावी काढा. हे महत्त्वाचं. दांडा कुठंही असताना चावी काढून काम सुरू केलं तर मोटार अर्ध्यात अडकलेली राहते आणि सगळा हिशेब चुकतो. चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला की मागचा आपोआप फिरतो, आणि घरात लहान पोरं असतील तर बटणाशी खेळणारच.

आता सध्याच्या जागेला समांतर चिकटपट्टी लावा. दुसरी पट्टी जिथं हवाय तिथं. दांड्याच्या बुडाशी प्लॅस्टिकची टोपी असते, ती नखानं किंवा कापड गुंडाळलेल्या पेचकसानं हलकेच उचला. काही गाड्यांत काचेवर पाणी मारणारं छोटं नोझल शाफ्टच्या मधूनच आलेलं असतं. तसं असेल तर नटावर पाना चढवताना ते मोडणार नाही हे बघा.

नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे तसेच राहू द्या. स्प्रे मारा आणि दहा-पंधरा मिनिटं चहाला जा. आपल्याकडच्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या गाड्यांत इथं गंज आणि मातीचा असा लगदा होतो की दांडा शाफ्टला वेल्डिंग केल्यासारखा बसलेला असतो. नंतर काचेवर टॉवेल अंथरा, दांडा बिजागरीतून उभा करा, आणि बुडाशी दोन्ही हातांनी धरून आलटून-पालटून हलवत वर ओढा. फार लांबून, टोकाला धरून पिळायचं नाही. तो पीळ थेट मोटारीतल्या गिअरवर जातो. मळसूत्री गिअर बाहेरून उलटा फिरत नाही, मग तुटतो तो त्याच्या शेजारचा प्लॅस्टिकचा. आटे राखून ठेवल्यामुळं दांडा अचानक सुटला तरी उडून काचेवर आदळत नाही.

तरी निघत नसेल तर जोर वाढवू नका. बॅटरीचं टर्मिनल ओढून काढायला ऑटो इलेक्ट्रिशियनकडं छोटा पुलर असतो, त्यानं दोन मिनिटांत निघतो. ज्या दुकानात ओळख आहे तिथं ते काम फुकटही होतं.

बसवताना

दांडा निघाला की शाफ्टचे दाते ब्रशनं साफ करा. दांड्याच्या भोकातला मऊ धातूचा भुगाही काढा. शाफ्ट पोलादी असतो आणि दांड्याचं भोक मऊ धातूचं, म्हणून पहिल्यांदा आवळताना शाफ्टचे दाते त्या मऊ धातूत रुततात. दर वेळी जागा बदलली की ते भोक थोडं झिजतं. चार-पाच वेळा ‘अजून एक दाता, अजून एक दाता’ केलं तर भोक गुळगुळीत होतं आणि दांडा कधीच घट्ट बसत नाही. म्हणूनच आधी मोजायचं, मग एकदाच बसवायचं.

दांडा बसवण्याआधी एक चाचणी जरूर करा, गॅरेजवालेसुद्धा ही करतात. दांडा काढलेला असताना चावी लावा, वायपर चालू करून बंद करा. शाफ्ट फिरून आपल्या थांबायच्या जागी येईल. आता चावी परत काढा. शाफ्ट खात्रीनं घरी आलेला आहे.

दांडा दुसऱ्या पट्टीला समांतर धरून दात्यांवर नुसता दाबा, नट बोटानं लावा. पाना अजून नको. काच भरपूर ओली करा. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि सांगा, एकच फेरी, मी ‘बंद’ म्हटलं की लगेच बंद. नट हातानंच लावलेला असल्यामुळं वायपर कुठं अडला तर दांडा दात्यांवरून सटकतो, मोटार वाचते. दोन्ही टोकांना दोन बोटं मोकळी दिसली की चावी काढून नट आवळा. नेहमीच्या आखूड पान्यानं, मनगटाच्या जोरावर. ट्रॅक्टरचा नट नाही हा. लांब पाइप घालून आवळला तर शाफ्टचे आटे जातात आणि मग पूर्ण मोटार बदलावी लागते. टोपी लावा, परत पाच-सहा फेऱ्या ओल्या काचेवर. दोन दिवसांनी नट एकदा तपासा, पहिल्या दोन-चार वापरांत तो किंचित बसतो.

वॉरंटीतली गाडी असेल तर हे सगळं कंपनीच्या वर्कशॉपकडूनच करून घ्या. दांडा सरकवून वायर कापली जात नाही, पण नंतर मोटार गेली तर भांडण कोण करत बसेल?

वायपरच नसलेली गाडी

गावात खूप गाड्या स्वस्तातल्या मॉडेलच्या असतात, त्यांना मागं वायपर दिलेलाच नसतो. तोच वरच्या मॉडेलमध्ये असतो. मग मालक विचारतो, आपल्याला बसवता येईल का? दोन गोष्टी बघा. ज्या गाडीत शाफ्ट डिकीच्या पत्र्यातून बाहेर येतो, तिथं काही मॉडेलना भोक आधीच असतं आणि त्यात रबरी बूच मारलेलं असतं. तिथं मोटार, दांडा, बटण आणि वायरिंग असा सेट बसवता येतो. जिथं शाफ्ट काचेतून बाहेर येतो, तिथं भोकाची काच वेगळी येते. आहे त्या काचेला भोक पाडता येत नाही. टफन केलेल्या काचेला ड्रिल लावलं की ती फुटतेच, कुणी कितीही हुशार कारागीर असो. ‘मी पाडून देतो’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की फुटली तर काच कोण देणार.

नवीन वायरिंग करताना करंट दिव्याच्या वायरीतून चोरून घेतला, तर दिव्याचा फ्यूज उडतो आणि रात्री घाटात मागचे दिवे जातात. वायपरला वेगळा फ्यूज लावूनच वायर ओढायला सांगा.

आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेली गाडीची माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. पण वायपर कुठं थांबतो याची नोंद आरसीत नसते. त्यामुळे एक-दोन दाते सरकवल्यानं एमएच-२९ च्या गाडीला पावती फाटायचं काही कारण नाही. काचेच्या बाबतीत मात्र नियम वेगळा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा. अख्खी मागची काच स्टिकरनं झाकून वर वायपरची जागा सुधारत बसलात, तर पोलिसानं हटकल्यावर वायपर दाखवून सुटका होणार नाही.

आणि गाडी मागं घेताना काच कितीही लख्ख असली तरी तिच्यातून बंपरच्या खालचं दिसत नाही. अंगणात बसलेलं दोन वर्षांचं पोर काचेच्या खूप खाली असतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झालेत, पण त्याआधीच्या गाड्यांत ते नसतात. असले तरी काळ्या मातीनं लिंपले गेले की नीट काम करत नाहीत. काच पुसताना बंपरवरची ती चार गोल बटणंही ओल्या फडक्यानं पुसून घ्या. घरात लहान मूल असेल तर गाडी मागं घेण्याआधी कुणी तरी खाली उतरून मागं उभं राहिलेलं बरं.

थोडं रबराबद्दल

वायपर जागेवर बसला तरी रबर खराब असेल तर सगळी मेहनत वाया. आपल्याकडं मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होतं, त्याची कड चिरते. कोरड्या काचेवर वायपर कधीच फिरवू नका. वाळलेल्या काळ्या मातीत बारीक खडे असतात, ते रबराखाली सापडले की काचेवर कायमचा चंद्रकोरीसारखा ओरखडा येतो, आणि रात्री मागच्या गाडीच्या दिव्यात तो चमकतो. आधी पाणी मारा, माती भिजू द्या, मग बटण दाबा. रबर पुसायला रॉकेल-डिझेल वापरणारे आहेत. त्यानं रबर फुगतं आणि काचेवर थरथरत चालतं. साधं पाणी आणि शाम्पूचा थेंब पुरे.

पाण्याची टाकी बोअरच्या पाण्यानं भरत असाल तर क्षारांनी नोझल चोंदतं. बारीक सुईनं ते मोकळं करता येतं, त्याच सुईनं धार हवी तिकडं वळवताही येते. वायपर सरकवला असेल तर धारही थोडी वळवावी लागते, नाही तर पाणी एकीकडं आणि वायपर दुसरीकडं. जमलं तर टाकीत आरओचं किंवा पावसाचं धरलेलं पाणी टाका.

जंगलाच्या कडेच्या गावांत वेगळाच त्रास. वानरं गाडीवर बसतात, आरसे वाकवतात आणि वायपर उपटून रबर दातांनी ओढतात. त्यावर मोजमापाचा काही उपाय नाही. गाडी झाडाखाली लावायची असेल तर मागं पोतं किंवा कव्हर टाकावं, एवढंच.

नवं ब्लेड घेताना जुनं काढून दुकानात सोबत न्या. मागची ब्लेडं साधारण १० ते १४ इंचांची येतात आणि अडकवायचा खटका गाडीगाडीत वेगळा असतो. दुकानदार ‘मोठं घ्या, जास्त पुसेल’ म्हणाला तरी ऐकू नका. दोन इंचांनी लांब ब्लेड म्हणजे मोजून ठेवलेली ती दोन बोटं गेली. ब्लेड बदलताना नुसता दांडा उभा ठेवून जाऊ नका, स्प्रिंगच्या जोरानं तो काचेवर आपटतो. खाली टॉवेल असू द्या. बदल मृग लागायच्या आधी करून ठेवावा, कारण पहिला पाऊस पडला की तालुक्याच्या दुकानात हवं ते माप मिळेलच असं नाही.

चिकटपट्टीचा डिंक काचेवर राहिला असेल तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून काढा आणि लगेच शाम्पूच्या पाण्यानं काच धुवा. तेलाचा अंश राहिला तर पहिल्याच सरीत वायपर काचेवर ढग करून ठेवतो.